आकडा दर्शनी, लेन्स पोटात

१ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीने जपानमध्ये सीडीपी-१०१ हा प्लेअर विक्रीला काढला. किंमत १ लाख ६८ हजार येन. नावातल्या १०१ची गंमत अशी, की द्विमान पद्धतीत तो आकडा म्हणजे पाच. याच्यापेक्षा भारी आणि याच्यापेक्षा हलकी यंत्रं पुढे येतील, हे मधलं, असा त्यामागचा हिशेब. म्हणजे पहिलाच प्लेअर दुकानात मांडला गेला तेव्हा त्याची प्रतवारी ठरलेली होती. जाहिराती मात्र सांगत होत्या, की आता आवाज निर्दोष आणि तोही कायमचा. तबकडीवर नुसते शून्य आणि एक. कुणीही वाचले तरी तेच. मग एक प्लेअर चांगला आणि दुसरा सुमार, हे कसं?

ग्राहकाला हा प्रश्न पडला, त्याला कारण स्वतः सीडीचे जन्मदातेच होते. हॉलंडच्या फिलिप्सने मार्च १९७९ मध्ये आइंडहोव्हनला आपला नमुना दाखवला, त्यानंतर फिलिप्स आणि सोनी एकत्र बसले आणि १९८०मध्ये दोघांचं ठरलं. व्यास १२ सेंटिमीटर. बीथोव्हनची नववी सिंफनी एका तबकडीवर मावावी म्हणून हा आकडा निवडला, ही कथा सगळ्यांना आवडते. पण त्या वाटाघाटींच्या वेळी फिलिप्समध्ये असलेले अभियंते केस इमिंक यांनी वेगळंच कारण मांडलं. फिलिप्सला ११.५ सेंटिमीटर हवे होते आणि तिच्या घरच्या पॉलिग्रामकडे हॅनोव्हरला त्या मापाची तयारी होती. ते माप मान्य केलं असतं तर सोनी शर्यतीत मागे पडली असती. मधल्या भोकाचं १५ मिलिमीटरचं माप मात्र भांडणाशिवाय ठरलं असावं. ते तेव्हाच्या डच दहा सेंटच्या नाण्याएवढं आहे.

तबकडी एक झाली, पण ती वाचून आवाज करण्याची रीत दोघांनी आपापली ठेवली. करारात १६ बिट लिहिलेले होते आणि फिलिप्सच्या हाताशी चिप होती १४ बिटची. फिलिप्सने तिढा सोडवला तो वेग वाढवून. सेकंदाला ४४,१०० नमुने येतात, त्यांच्या चौपट गतीने चिप चालवायची आणि उरलेला खरखराट कानाच्या पट्ट्याबाहेर ढकलायचा. सोनीने पूर्ण १६ बिट वापरले, पण डावा आणि उजवा असे दोन्ही आवाज एकाच चिपकडून आळीपाळीने काढून घेतले. शिवाय २० किलोहर्ट्झच्या पुढचं सगळं कापून काढायला तिला कड्यासारखा तुटक फिल्टर लावावा लागला. फिलिप्सचं काम सौम्य फिल्टरवर भागलं. कागदावर १६ हा आकडा १४पेक्षा मोठा, म्हणून दुकानात सोनी वरचढ. कानांनी ऐकणाऱ्यांत फिलिप्सच्या सीडी-१०० आणि मरांट्झ सीडी-६३ यांचे चाहते तेव्हाही होते, आजही आहेत. इंग्लंडच्या मेरिडियनने तर आपला पहिला प्लेअर बनवताना फिलिप्सचंच यंत्र घेतलं आणि त्याच्या आतली जुळणी सुधारली.

इथून आकड्यांची जत्रा सुरू झाली. दर्शनी पट्टीवर आधी १६ बिट, मग चौपट ओव्हरसॅम्पलिंग, मग आठपट, मग १८ बिट, २० बिट. दशक संपता संपता फिलिप्सने उलटी उडी मारली आणि बिटस्ट्रीम आणलं, म्हणजे एकच बिट, पण प्रचंड वेगाने. काल सोळा मोजणाऱ्या ग्राहकाला आज एक मोजायला सांगण्यात आलं आणि त्यानेही ते मोजलं! जपानी प्लेअरवर ‘थ्री बीम लेझर’ची चिठ्ठी असायची. फिलिप्सचं यंत्र एकाच किरणावर माग धरायचं आणि चांगलं धरायचं. पण एकापेक्षा तीन केव्हाही जास्त.

छापायला सोपं असतं तेच दर्शनी भागावर येतं. प्लेअरचं आयुष्य ठरतं ते मात्र ट्रे आत गेल्यावर जे फिरतं आणि सरकतं त्यावर. तबकडीवरचा माग १.६ मायक्रॉनच्या अंतराने वळत जातो, तो उलगडला तर ५ किलोमीटरच्या आसपास भरेल. वाचन आतून बाहेर होतं. सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेरे, कडेशी २००. या सगळ्यात लेन्सने खाली-वर आणि डावी-उजवीकडे हलत माग सोडायचा नाही. फिलिप्सने त्यासाठी ग्रामोफोनच्या दांडीसारखा झुलता हात केला, गिअर नाही की रूळ नाही. त्यातलं ओतीव धातूचं सीडीएम-१ आणि त्यावरची काचेची लेन्स हे जाणकारांचं लाडकं. सोनी आणि इतरांनी रुळावर सरकणारी गाडी घेतली. ती बनवायला स्वस्त पडते, पण तिचे प्लास्टिकचे दाते झिजतात.

दुसरी परीक्षा ओरखड्यांची. इथे कामाला आलं ते अमेरिकेत अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६०मध्ये मांडलेलं गणित. त्याच्या जोरावर सीडीवरचा सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुकडा वाचता आला नाही तरी मूळ माहिती जशीच्या तशी उभी करता येते. पण गणित सगळ्यांचं सारखं असलं तरी खड्ड्यावरून जाताना माग न सोडण्याची ताकद सारखी नसते. फ्रान्सच्या पिएर व्हेरानी कंपनीने मुद्दाम वाढत्या लांबीचे खंड कोरलेली चाचणी सीडी काढली होती. ती लावली की महागडं यंत्रही कधी कधी अडखळायचं आणि शेजारचं साधं यंत्र मजेत गात राहायचं.

आणि एक खोड दुकानातली. प्लेअरचं आउटपुट साधारण २ व्होल्ट धरलेलं असतं, काही उत्पादक ते हळूच वाढवून ठेवतात. दोन यंत्रं पाठोपाठ ऐकवली की जरा मोठ्याने वाजणारं कानाला ‘मोकळं’ आणि ‘खुलं’ वाटतं, आणि गिऱ्हाईक तेच उचलतं. उलटपक्षी, सोनीचा पहिल्या पिढीतला प्लेस्टेशन, एससीपीएच-१००१, मुलांच्या खेळासाठी बनला, पण त्यात गाण्याची सीडीही वाजायची. पाठीमागे साधे ऑडिओ जॅक होते म्हणून कुणीतरी तो स्टीरिओला जोडला आणि तो हौशी मंडळींच्या बैठकीत जाऊन बसला.

आपल्याकडच्या श्रोत्याला सीडीने दिली ती सलगता. एलपीची एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांची, त्यामुळे विलंबित रंगात आलं की बाजू संपायची. आता ७४ मिनिटं मोकळी मिळाली. वेल्सच्या सीमेवरच्या निंबस कंपनीने हरिप्रसाद चौरसियांची बासरी काढली, लंडनच्या नवरसने मैफली काढल्या, आणि राग मध्येच न तुटता घरात वाजू लागला. तानपुऱ्यामागची शांतताही ऐकू येऊ लागली. ती बिघडवणारा प्लेअर मग लगेच पकडला जाई.

मुंबईच्या काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान २०१६मध्ये बंद झालं. सीडीच्या दुकानांची पीछेहाट झाली, पण जुने प्लेअर हात बदलत राहिले आणि निवडीचे निकष उलटेपालटे झाले. फिलिप्सच्या टीडीए१५४१ए या चिपवर मुकुटाची छपाई असेल तर भाव चढतो, म्हणून खोटे मुकुट छापलेल्या चिपाही फिरतात. दुरुस्ती करणारा कारागीर मात्र मुकुट नंतर बघतो. आत सोनीचं केएसएस-२१३ असेल तर तो निश्चिंत, कारण असंख्य यंत्रांत बसलेलं ते लेन्सचं पिकअप, निदान त्याची नक्कल, अजून मिळते. सीडीएम-१ची लेन्स गेली तर मात्र दुसऱ्या एखाद्या यंत्राचा बळी द्यावा लागतो. जुना प्लेअर घ्यायला आलेला मुरलेला माणूस म्हणूनच सोबत एक लांब, ७४ मिनिटांच्या जवळ जाणारी सीडी आणतो, आणि पहिलं गाणं न लावता थेट शेवटचं लावतो. तिथे, अगदी कडेशी, तबकडी सगळ्यात जास्त डुलते.