ब्रँडेड कपडे आणि बूट स्वस्तात कसे घ्यायचे? डुप्लिकेट माल कसा ओळखायचा? संपूर्ण माहिती

सेल सुरू झाला की आपल्या सगळ्यांच्या फोनवर तेच दिसायला लागतं. ८,००० चे बूट २,४९९ ला, १५,००० ची बॅग ३,९९९ ला, आणि खाली लाल अक्षरात "फक्त २ शिल्लक". मन म्हणतं घेऊन टाक, डोकं म्हणतं थांब.

एकदा माझं मन जिंकलं. पहिल्या स्टायपेंडमधून मी एका शॉपिंग अ‍ॅपवरून नावाजलेल्या ब्रँडचे बूट निम्म्या किमतीत मागवले. बॉक्स मस्त, बूटही दिसायला मस्त. तीन आठवड्यांत सोल सुटला. दुकानात चिकटवायला नेला, तर तिथल्या दादांनी जिभेच्या आतलं लेबल दाखवलं आणि विचारलं, "ताई, बॉक्सवर हाच नंबर आहे का?" घरी येऊन बघितलं, तर नंबर वेगळा होता. तोपर्यंत रिटर्नची मुदत संपलेली.

त्यानंतर मी या विषयात बरीच डोकेफोड केली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: फोटोवरून वस्तू खरी की खोटी हे आपल्याला ओळखता येत नाही, पण ती विकणारा कोण आहे हे फोनवर दहा मिनिटांत तपासता येतं. म्हणून आधी विक्रेता तपासायचा, मग वस्तू. कसं, ते क्रमाने बघूया.

१. सूट खरी असेल तर तिला कारण असतं

कोणताही ब्रँड उगाच माल स्वस्त करत नाही. खऱ्या सवलतीमागे बहुतेक वेळा यातलं एखादं कारण असतं:

- सीझन संपला. उन्हाळी माल साधारण जून-जुलैपासून आणि हिवाळी माल जानेवारी-फेब्रुवारीत उतरत्या भावात निघतो. यालाच एंड ऑफ सीझन सेल म्हणतात.
- साइज तुटले. एखाद्या डिझाइनचे दोनच साइज उरले की ते काढून टाकायची घाई असते. तुमचा साइज अगदी छोटा किंवा अगदी मोठा असेल तर तुमची चांदी.
- मागच्या वर्षीचा रंग. बूट तोच, फक्त नवीन रंग आला म्हणून जुना स्वस्त.
- फॅक्टरी आउटलेट. इथे शिल्लक माल येतो. पण एक लक्षात ठेवा, काही ब्रँड आउटलेटसाठी वेगळा, साधा माल बनवतात. अमेरिकेतल्या कोच आणि मायकल कोर्स यांच्या आउटलेटमधला बराच माल असाच असतो. तो नकली नसतो, पण मोठ्या दुकानातल्या बॅगेसारखाही नसतो. त्यामुळे तिथे लिहिलेल्या "मूळ किमती"वर फार जाऊ नका.
- बँकेची किंवा कार्डची ऑफर. इथे वस्तूची किंमत तीच असते, वरची सूट कार्डावर मिळते.

आता उलटं बघा. काही ब्रँड सेल लावतच नाहीत. लुई व्हिटॉन आपला माल स्वतः चालवलेल्या दुकानांतून आणि स्वतःच्या वेबसाइटवरूनच विकतं. त्यांचा सेल नसतो आणि आउटलेटही नसतं. म्हणजे "लुई व्हिटॉनची नवीन बॅग, ७० टक्के सूट" असं कुठे दिसलं की पुढे तपासायचीही गरज नाही.

विक्रेत्याला सरळ विचारा, "इतकं स्वस्त का?" "सीझन एंड आहे, फक्त १० नंबर उरलाय" हे उत्तर पटण्यासारखं आहे. "कंपनीतून डायरेक्ट येतं", "कस्टमचा माल आहे", "एक्स्पोर्ट सरप्लस आहे पण सगळे साइज आणि सगळे रंग मिळतील" ही उत्तरं ऐकली की सावध व्हा. सरप्लस म्हणजे उरलेला माल. उरलेल्या मालात सगळे साइज कसे असतील?

२. "७० टक्के सूट" खरंच ७० टक्के आहे का?

सूट एमआरपीवर मोजतात, आणि बऱ्याच वस्तू वर्षभर एमआरपीपेक्षा कमी भावातच विकल्या जातात. म्हणून टक्केवारीकडे न बघता या तीन गोष्टी करा:

१. तीच वस्तू ब्रँडच्या स्वतःच्या साइटवर शोधा. नावाने नाही, स्टाइल कोडने शोधा. उदाहरणार्थ, नायकीच्या पांढऱ्या एअर फोर्स १ '०७ चा कोड सीडब्ल्यू२२८८-१११ असा आहे. नाव सारखं असलेली दहा मॉडेल्स असतात, पण एका मॉडेलच्या एका रंगाला एकच कोड.

२. जुना भाव बघा. बायहटके किंवा कीपासारख्या सेवा एखाद्या वस्तूचा मागच्या काही महिन्यांचा भाव आलेखात दाखवतात. सेलच्या आठवडाभर आधी भाव चढवून मग "उतरवला" असेल तर तिथे लगेच दिसतं.

३. घाई करू नका. "फक्त १० मिनिटं उरली" म्हणत खोटी घाई लावणं हे केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये डार्क पॅटर्न म्हणून नोंदवलेलं आहे. अशा १३ युक्त्या त्यात आहेत. पेज रिफ्रेश केल्यावर घड्याळ परत दहा मिनिटांवर आलं, तर समजून जा.

३. अ‍ॅप मोठं असलं तरी विक्रेता कोण आहे ते बघा

माझी चूक इथेच झाली होती. मी अ‍ॅपचं नाव बघितलं, विकणाऱ्याचं नाही. मोठी शॉपिंग अ‍ॅप्स बहुतेक वेळा बाजारपेठ असतात, आणि आत गाळे वेगवेगळ्या लोकांचे असतात. वस्तूच्या पानावर "सोल्ड बाय" अशी ओळ असते, तिच्यावर टॅप करा. "फुलफिल्ड बाय" ही ओळ वेगळी आहे. तिचा अर्थ एवढाच, की साठवण आणि डिलिव्हरी अ‍ॅपने सांभाळली. माल कुठून आला याची ती हमी नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे अ‍ॅपने विक्रेत्याच्या व्यवसायाचं नाव, पत्ता, ग्राहक सेवा क्रमांक आणि रेटिंग असेल तर तेही दाखवायला हवं. मग हे करा:

- ब्रँडच्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असेल तर तिथे नाव शोधा.
- रेटिंगचा आकडा सोडा, एक आणि दोन स्टारवाले रिव्ह्यू वाचा. "डुप्लिकेट", "फेक", "फर्स्ट कॉपी" हे शब्द शोधा.
- जीएसटी नंबर मिळाला तर जीएसटी पोर्टलवर "सर्च टॅक्सपेअर" मध्ये टाका. लॉगिन लागत नाही. हा नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०) आणि पुढची दहा अक्षरं पॅनची. नोंदणी चालू आहे की रद्द, कधी झाली, नाव काय, हे सगळं तिथे दिसतं.

छोट्या विक्रेत्याकडे जीएसटी नसू शकतो, आणि जीएसटी असला म्हणून माल अस्सलच असेल असंही नाही. पण नाव, पत्ता आणि पक्कं बिल असलेला माणूस उद्या सापडतो. बाकीचे सापडत नाहीत.

४. अनोळखी वेबसाइट आणि इन्स्टाग्राम पेज

पत्ता उजवीकडून वाचा. वेबसाइटच्या पत्त्यात पहिल्या तिरप्या रेघेआधी जे शेवटचे दोन तुकडे असतात, बहुतेक वेळा तोच खरा मालक. "ब्रँड डॉट ऑफर डॉट शॉप" असा पत्ता असेल तर ती साइट ब्रँडची नाही, "ऑफर डॉट शॉप"ची आहे. सुरुवातीला ब्रँडचं नाव कुणीही लावू शकतं.

कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. कुलूप म्हणजे तुमची माहिती वाटेत कुणाला वाचता येणार नाही. ती ज्याच्याकडे पोहोचते तो प्रामाणिक आहे का, हे कुलूप सांगत नाही.

साइटचं वय बघा. हूइज लुकअपवर डोमेन टाकलं की नोंदणीची तारीख कळते. "१९९८ पासून तुमच्या सेवेत" म्हणणारी साइट तीन आठवड्यांपूर्वी नोंदवलेली निघाली, तर विषय संपला.

इन्स्टाग्रामवर पेजच्या नावावर किंवा तीन टिंबांवर टॅप करून "अबाउट धिस अकाउंट" उघडा. अकाउंट कधी सुरू झालं, कुठल्या देशातून चालतं, आधी नाव किती वेळा बदललं, हे बऱ्याच पेजेसवर दिसतं. काल मीम पेज होतं आणि आज बुटांचं दुकान झालं, हे इथे पकडलं जातं. निळी टिकही आता महिन्याचे पैसे भरून घेता येते, त्यामुळे तेवढ्यावर भरवसा ठेवू नका.

फोटो गुगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो वीस पेजेसवर दिसला तर या माणसाकडे वस्तू असेलच असं नाही. त्याला आजची तारीख लिहिलेला कागद बाजूला ठेवून फोटो पाठवायला सांगा. टाळाटाळ झाली की ब्लॉक करून पुढे चला.

५. पार्सल आल्यावर

१. न थांबवता व्हिडिओ काढा. पार्सलवरच्या लेबलपासून सुरुवात करा, मग सील, मग उघडणं, मग आतली लेबलं. मध्ये कट नको. वाद झाला तर हाच तुमचा साक्षीदार.

२. माहितीचं स्टिकर वाचा. पॅकबंद मालावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष, ग्राहक सेवा क्रमांक आणि आयात माल असेल तर मूळ देश छापणं बंधनकारक आहे. परदेशी ब्रँडच्या खोक्यावर भारतातल्या आयातदाराचं नावच नसेल तर विचारणा करा.

३. कोड जुळवा. बॉक्सवरचा स्टाइल कोड, बुटाच्या आतल्या लेबलवरचा कोड आणि बिलावरचं मॉडेल एकच हवं. नकली माल बनवणारे बऱ्याचदा एकाच प्रकारची लेबलं सगळीकडे चिकटवतात आणि इथेच सापडतात.

४. बारकोडचा अर्थ समजून घ्या. ८९० ने सुरू होणारा बारकोड म्हणजे वस्तू भारतात बनली असं नाही. तो नंबर जीएस१ इंडियाकडून घेतलाय, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय बारकोडची झेरॉक्स कुणीही काढू शकतं.

५. क्यूआर कोड जपून स्कॅन करा. डीझेलसारखे काही ब्रँड कपड्यावर सर्टिलोगोचा कोड लावतात. तो स्कॅन केला की वस्तू अस्सल आहे का ते तपासता येतं. पण नकली मालावरचा कोड नकली साइटवरही नेऊ शकतो, आणि ती साइट "ओरिजिनल" असं आनंदाने दाखवते. म्हणून स्कॅन केल्यावर उघडलेला पत्ता वाचा, तोसुद्धा उजवीकडून.

शिवण, वास, लोगोचं स्पेलिंग हेही बघा. पण स्पेलिंग बरोबर आहे म्हणून माल खरा समजू नका. आजकाल नकली माल बनवणारेही स्पेलिंग नीट लिहितात. सगळं तपासून होईपर्यंत टॅग कापू नका आणि बूट घालून बाहेर जाऊ नका.

६. "फर्स्ट कॉपी चालेल की, कुणाला कळतंय?"

हा प्रश्न मला मित्रमैत्रिणी नेहमी विचारतात. "मास्टर कॉपी", "सेव्हन ए", "मिरर क्वालिटी" ही सगळी नकली मालाचीच लाडाची नावं आहेत. त्यात बिल नाही, वॉरंटी नाही, रिटर्न नाही. दोन-अडीच हजारांची कॉपी घेण्यापेक्षा त्याच पैशात एखाद्या साध्या भारतीय कंपनीचा अस्सल बूट जास्त टिकतो, हे माझं स्वतःचं मत.

आणि फसलात म्हणून तो माल पुढे कुणाला ढकलू नका. मीही माझे बूट सेकंडहँड अ‍ॅपवर "ओरिजिनल, कमी वापरलेले" म्हणून टाकणार होते. वकिली शिकणाऱ्या मैत्रिणीने वेळेत थांबवलं. खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणं हा ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट, १९९९ च्या कलम १०४ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी समोर घेणारी आपल्यासारखीच कुणीतरी पहिल्या पगाराचे पैसे मोजत असते.

७. नकली निघालं तर काय करायचं?

- पहिल्याच दिवशी अ‍ॅपमध्ये तक्रार टाका. कारण म्हणून "आवडलं नाही" निवडू नका, "नकली" किंवा "वर्णनाप्रमाणे नाही" निवडा. २०२० च्या नियमांप्रमाणे नकली किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही.
- दाद मिळाली नाही तर अ‍ॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर असतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं, असा नियम आहे.
- मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीतही बोलता येतं.
- तरीही नाही झालं तर ग्राहक आयोग. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही.
- पैसे घेऊन पेजच गायब झालं असेल तर ही फसवणूक आहे. लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. कार्डने पैसे भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅकही मागा.

माझ्या बाबतीत रिटर्नची मुदत गेली होती, पण बिल होतं, विक्रेत्याचं नाव होतं आणि दोन न जुळणाऱ्या कोडचे फोटो होते. अ‍ॅपने आधी दोनदा नकार दिला. १९१५ वर तक्रार नोंदवली, आणि पाच आठवड्यांनी पूर्ण पैसे परत आले. हेच बूट मी इन्स्टावरच्या कुठल्यातरी पेजवरून घेतले असते, तर हातात फक्त सुटलेला सोल उरला असता.

म्हणून पुढच्या सेलला "बाय नाऊ" दाबायच्या आधी स्वतःला तीनच प्रश्न विचारा: इतकं स्वस्त का? विकतंय कोण? बिल मिळणार का? तिन्हींची उत्तरं मिळाली तर बिनधास्त घ्या आणि मिरवा. एकाचंही मिळालं नाही तर अ‍ॅप बंद करा. सेल काय, पुढच्या महिन्यात परत येतोच.