स्वतःच्या शेतातला ससा कोणाचा?

१/
सतराव्या शतकाच्या अखेरचे इंग्लंड. एक साधा शेतकरी पहाटे शेतावर येतो. कोवळ्या पिकात रानससे चरत आहेत. जमीन त्याची स्वतःची, वडिलोपार्जित. कुत्राही शेजारीच उभा आहे. तरी त्या सशांवर कुत्रा सोडला, तर गुन्हेगार तोच ठरेल. जमीन त्याची, पीक त्याचे, नुकसानही त्याचे. मग ससा कोणाचा? या एका प्रश्नाभोवती इंग्लंडचा कायदा दोनशेहून अधिक वर्षे फिरत राहिला. (थ्रेड)

२/
प्राचीन रोमन कायद्याचे उत्तर सरळ होते. मोकळा वन्य प्राणी कोणाच्याच मालकीचा नसतो. जो पकडेल त्याचा. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या ग्रंथात हे तत्त्व नोंदलेले आहे. प्राणी स्वतःच्या जमिनीत पकडला की परक्याच्या, याने मालकी बदलत नसे. मात्र शिकाऱ्याला आपल्या जमिनीत येण्यास मनाई करण्याचा हक्क जमीनमालकाला होता.

३/
इंग्लंडमध्ये १०६६ नंतर नॉर्मन राजांनी या तत्त्वाला मोठा छेद दिला. त्यांनी विस्तीर्ण प्रदेश राजाच्या शिकारीसाठी राखून ठेवले. अशा प्रदेशाला ‘फॉरेस्ट’ म्हणत. त्यात केवळ झाडी नव्हती. गावे, शेते आणि इतरांच्या मालकीच्या जमिनीही होत्या. जमीन प्रजेची असली तरी तिच्यावर चरणारे हरीण राजाचे. १२१७ च्या ‘फॉरेस्ट सनदे’ने एवढे मान्य केले, की हरणापायी यापुढे कोणाचा जीव वा अवयव जाणार नाही.

४/
हरणांनंतर पाळी आली लहान शिकारीची. १३८१ मध्ये इंग्लंडमध्ये शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला. त्यानंतर नऊ वर्षांनी, १३९० मध्ये, शिकारीसाठी मालमत्तेची अट घालणारा कायदा आला. वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन नसलेल्या सामान्य माणसाने शिकारी कुत्रे वा जाळी बाळगू नयेत, असे त्यात म्हटले होते. कारणही नमूद होते : कारागीर आणि मजूर सणाच्या दिवशी चर्चला जाण्याऐवजी शिकारीला जमतात आणि तेथे कट रचतात. भीती सशांच्या संख्येची नव्हती. एकत्र येणाऱ्या माणसांची होती.

५/
खरा फास आवळला १६७१ च्या कायद्याने. रानससा, तित्तर, फेझंट यांची शिकार करण्याचा हक्क आता मोजक्यांपुरता उरला. ज्याच्या मालकीच्या जमिनीचे वार्षिक उत्पन्न १०० पौंड असेल तो पात्र. जमीन ९९ वर्षांच्या वा तहहयात पट्ट्याने असेल, तर ही मर्यादा १५० पौंड. बाकीच्यांना बंदूक, शिकारी कुत्रा, जाळे, फासा यांतले काहीही शिकारीसाठी बाळगणे निषिद्ध. शिकार स्वतःच्याच बांधाआड केली, ही सबब चालत नसे.

६/
या अटीचा अर्थ आकड्यांतून पाहावा. त्या काळी परगण्यातून संसदेचा सदस्य निवडण्यासाठी मत द्यायचे, तर ४० शिलिंग, म्हणजे २ पौंड वार्षिक उत्पन्नाची जमीन पुरे. तित्तर मारण्यासाठी मात्र त्याच्या ५० पट. अठराव्या शतकातील प्रख्यात कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोन यांनी ही विसंगती बोचऱ्या शब्दांत दाखवली होती. राज्यकारभारात मत देण्यास लायक ठरलेला माणूस आपल्याच शेतात तित्तर मारण्यास नालायक होता.

७/
दर्जाचे हे वेड आणखी पुढे गेले. ‘एस्क्वायर’ ही सरदारांच्या खालची एक प्रतिष्ठित पदवी. अशा एस्क्वायरचा वारस मुलगा कायद्याने शिकारीस पात्र होता. पण खुद्द एस्क्वायरजवळ पुरेशी जमीन नसेल, तर तो मात्र अपात्र! कायद्याच्या शब्दांनी वडिलांना वगळले आणि मुलाला आत घेतले. अठराव्या शतकात न्यायालयानेही हाच अर्थ कायम ठेवला.

८/
अंमलबजावणी कोण करत असे? मोठ्या जमीनदाराला ‘गेमकीपर’, म्हणजे शिकारीच्या प्राण्यांचा राखणदार, नेमण्याचा अधिकार मिळाला. वॉरंट घेऊन हा राखणदार अपात्र माणसाच्या घराची झडती घेऊ शके. कुत्रे, जाळी, बंदुका जप्त करू शके. खटला चाले स्थानिक दंडाधिकाऱ्यापुढे. हा दंडाधिकारी बहुधा स्वतःच जमीनदार आणि शिकारीचा शौकीन. अठराव्या शतकाच्या आरंभी शिक्षा ठरली ५ पौंड दंड. तो भरता आला नाही तर तीन महिने कैद. मजुराला एवढी रक्कम उभी करणे जवळजवळ अशक्यच होते.

९/
१७५५ मध्ये शिकारीच्या मांसाच्या विक्रीवर सरसकट बंदी आली. पात्र माणूसही आपली शिकार विकू शकत नसे. ती ताटात वाढायची किंवा भेट द्यायची. पण लंडनच्या धनिकांना फेझंट हवाच होता. त्यामुळे माल पुरवण्याचे काम चोरट्या शिकाऱ्यांकडे गेले. चोरी रोखण्यासाठी केलेल्या कायद्यानेच चोरीला बाजारपेठ मिळवून दिली.

१०/
मग शिक्षा कठोर होत गेल्या. १८२८ च्या कायद्याने रात्रीच्या चोरट्या शिकारीसाठी पहिल्या वेळी तीन महिने सक्तमजुरी, दुसऱ्या वेळी सहा महिने आणि तिसऱ्या वेळी सात वर्षांपर्यंत समुद्रापार हद्दपारी ठरवली. जमीनदार आपल्या रानात ‘स्प्रिंग गन’ लावत : तारेला पाय अडखळला की आपोआप सुटणारी बंदूक. तिला चोर, वाटसरू आणि फुले वेचणारे मूल यांतला भेद कळत नसे. १८२७ मध्ये अखेर तिच्यावर बंदी आली.

११/
खाडीपलीकडे फ्रान्सने हाच प्रश्न एका रात्रीत निकालात काढला होता. तेथेही शिकार हा सरदारांचा राखीव हक्क. पीक उद्ध्वस्त झाले तरी शेतकऱ्याने पाहत राहायचे. १७८९ च्या तक्रारवह्यांत हे दुःख वारंवार नोंदलेले दिसते. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रीय सभेने सरंजामी विशेषाधिकारांवर घाव घातला. सार्वजनिक सुरक्षिततेचे नियम पाळून आपल्या जमिनीवरील शिकारीचे प्राणी मारण्याचा हक्क प्रत्येक मालकाला मिळाला.

१२/
इंग्लंडने वेगळी, संथ वाट धरली. १८३१ च्या ‘गेम ॲक्ट’ने मालमत्तेची जुनी अट रद्द केली. आता कोणीही शुल्क भरून परवाना घ्यावा आणि परक्याच्या जमिनीत न घुसता शिकार करावी. परवानाधारक व्यापाऱ्यांना विक्रीचीही मुभा मिळाली. १६० वर्षांनी छोटा जमीनमालक आपल्या शेतातला ससा कायदेशीरपणे मारू शकत होता. येथे कथा संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण इंग्लंडचा बहुतेक शेतकरी मालक नव्हता. तो कूळ होता.

१३/
कुळाची जमीन जमीनदाराकडून खंडाने घेतलेली. भाडेकरार करताना जमीनदार शिकारीचा हक्क स्वतःकडे राखून ठेवत. मग कुळाने आपण कसत असलेल्या शेतात रानससा मारला, तर १८३१ च्याच कायद्याने त्याला दंड होई. जमीनदाराचे पाहुणे हंगामात येऊन शिकार करत. उरलेले वर्षभर त्या सशांना पोसायचे कुळाने, आपल्या गव्हावर आणि सलगमावर. १८४५ मध्ये जॉन ब्राइट यांच्या पुढाकाराने संसदेची चौकशी समिती नेमली गेली. तिच्यापुढे साक्षी झाल्या, पण कुळाच्या हाती काही लागले नाही.

१४/
१८६५ मध्ये ‘ब्लेड्स विरुद्ध हिग्ज’ या खटल्याचा निकाल लागला. चोरट्या शिकाऱ्यांनी मारलेले ससे एका व्यापाऱ्याने विकत घेतले होते. जमीनदाराच्या नोकरांनी ते परत हिसकावले. हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले, की परक्याच्या जमिनीत घुसून मारलेला ससा मारणाऱ्याचा होत नाही; तो जमीनमालकाचा. ‘जो पकडेल त्याचा’ या रोमन तत्त्वापासून इंग्लंड किती दूर आले होते, हे या निकालाने दाखवले.

१५/
१८७० च्या दशकाअखेरीस शेतीवर मंदीचे सावट आले. १८७९ चा उन्हाळा पावसाने झोडपला, पीक बुडाले. त्यात सशांचे नुकसान कुळांना असह्य झाले. १८७२ पासून मतदान गुप्त झाले होते. जमीनदाराच्या नजरेचा धाक कमी झाला होता. १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांचे उदारमतवादी सरकार सत्तेवर आले आणि त्याच वर्षी गृहमंत्री विल्यम हारकोर्ट यांनी मांडलेला ‘ग्राउंड गेम ॲक्ट’ संमत झाला.

१६/
‘ग्राउंड गेम’ म्हणजे जमिनीवर वावरणारी शिकार : रानससा आणि बिळात राहणारा ससा. हे दोन प्राणी मारण्याचा हक्क जमीन कसणाऱ्याला मिळाला आणि तो वहिवाटीपासून वेगळा करता येणार नाही, असे कायद्याने सांगितले. म्हणजे जमीनदाराने करारात काहीही लिहून घेतले, कुळाने स्वखुशीने सही केली, तरी ते कलम रद्दबातल. कराराच्या स्वातंत्र्याला देवासमान मानणाऱ्या व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये ही फार मोठी गोष्ट होती. दुर्बळ पक्षाची सही ही खरी संमती नसते, हे त्यात मान्य झाले होते.

१७/
मर्यादाही होत्या. तित्तर आणि फेझंट जमीनदाराकडेच राहिले. जमीनदाराचा सशांवरील हक्क गेला नाही. कुळाचा हक्क त्याच्या जोडीला आला. बंदूक वापरायची ती कुळाने स्वतः आणि त्याने लेखी अधिकार दिलेल्या आणखी एका व्यक्तीने. रात्री बंदूक नाही, विष नाही. तरीही नुकसान सोसणारा आणि ते रोखू शकणारा माणूस प्रथमच एक झाला.

१८/
भारतात ब्रिटिश सत्तेने १९१२ मध्ये वन्य पक्षी व प्राणी संरक्षणाचा कायदा केला. त्याच्या यादीत ससा होता, तित्तर होते. ठरावीक काळात त्यांची शिकार बंद ठेवता येई. परंतु मालमत्तेच्या रक्षणासाठी प्रामाणिक हेतूने केलेल्या हत्येला या कायद्याने सूट दिली होती. आपले पीक वाचवणारा शेतकरी येथे कायद्याच्या शब्दांत तरी अपराधी नव्हता.

१९/
स्वतंत्र भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात सुरुवातीला लहान शिकारीचा परवाना अस्तित्वात होता. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने संपुष्टात आले. आज महाराष्ट्रातील शेतकऱ्याने आपल्याच शेतात ससा मारला, तर तो गुन्हा आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या काही प्राण्यांबाबत अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ठरावीक प्राण्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाईही मागता येते. बेकायदा मारलेला प्राणी मात्र शासनाची मालमत्ता ठरतो.

२०/
वरवर पाहता १६७१ चा इंग्रज शेतकरी आणि आजचा मराठी शेतकरी एकाच जागी उभे दिसतात. दोन्ही कायद्यांत मात्र मूलभूत फरक आहे. तेव्हा ससा राखला जाई तो सरदाराने मारावा म्हणून. आज राखला जातो तो जगावा म्हणून, आणि मनाई श्रीमंत-गरीब सर्वांना सारखी आहे. साम्य उरते ते एवढेच, की राखण्याचा भार आजही आधी पिकावरच पडतो. १८८० मध्ये इंग्रज कुळाने विचारलेला प्रश्न म्हणूनच जुना झालेला नाही : ससा सर्वांसाठी राखायचा असेल, तर त्याने खाल्लेल्या गव्हाचे मोल एकट्या शेतकऱ्याने का भरावे?