टाकाऊ लहरींची गोष्ट

1912च्या अमेरिकी कायद्यानं हौशी रेडिओवाल्यांना काय दिलं? 200 मीटर आणि त्याखालच्या लहरी. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे निव्वळ टाकाऊ माल! लांबचा पल्ला गाठायला लांब लहरी आणि प्रचंड शक्तीची केंद्रंच हवीत, असं तज्ज्ञ मानत. पण या लघुलहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावरून परततात, थोड्या शक्तीतही समुद्र ओलांडतात. 18 ऑक्टोबर 1924 रोजी लंडनच्या मिल हिल शाळेतला विद्यार्थी सेसिल गॉयडर थेट न्यूझीलंडच्या फ्रँक बेलशी मोर्समध्ये बोलला. हाच गॉयडर 1936मध्ये ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता झाला. एवढा अफाट देश मोजक्या केंद्रांतून गाठायचा कसा? उत्तर त्याला शाळेतच मिळालं होतं : लघुलहरी.