चाल आणि प्रतिचाल

गेल्या काही वर्षांत आपल्या टीकावाङ्मयात ‘बहुस्वरता’ हा शब्द चांगलाच रुळला आहे. कादंबरीत पात्रे पुष्कळ असली, त्यांच्या बोली निरनिराळ्या असल्या, की समीक्षक तिला बहुस्वरी म्हणून मोकळा होतो. ह्या शब्दाचे मूळ बाख्तिनच्या दोस्तोयेव्हस्कीवरील ग्रंथात आहे. तो 1929 साली निघाला व 1963 मध्ये वाढवून पुन्हा प्रसिद्ध झाला. संगीतातून घेतलेली ही संज्ञा केवळ रूपक म्हणून वापरीत आहोत, अशी जपणूक खुद्द बाख्तिनने केली होती. आपण रूपक तेवढे उचलले. ज्या विद्येवरून ते घेतले ती विद्या कोणती, ती शिकतात कशी, ह्याची चौकशी करण्याचे कारण आपल्याला पडले नाही.

एका पाश्चात्त्य निबंधाचे भाषांतर करताना ‘काउंटरपॉइंट’ ह्या शब्दापाशी प्रस्तुत लेखक अडला, आणि मग ही चौकशी करणे भाग पडले. मूळ लॅटिन शब्दयोजनेचा अर्थ ‘बिंदूसमोर बिंदू’, म्हणजे स्वरासमोर स्वर. ह्या विद्येचे अठराव्या शतकातील प्रमुख पाठ्यपुस्तक योहान योझेफ फुक्स ह्याने 1725 मध्ये लॅटिनमध्ये लिहिले. ते गुरुशिष्यसंवादाच्या रूपात आहे, ही गोष्ट आपल्या वाचकास विशेष जवळची वाटेल. त्यातील गुरू म्हणजे पालेस्त्रिनाच होय, असे फुक्सने प्रस्तावनेत सुचविले आहे. हायडनने ह्या पुस्तकावरून स्वतःच अभ्यास केला. बेथोव्हेनलाही त्याच वाटेने जावे लागले.

पहिला पाठ अगदी साधा असतो. एक ठरीव, संथ चाल शिष्यापुढे ठेवली जाते. तिच्या प्रत्येक स्वरासमोर एकेक स्वर मांडून त्याने दुसरी चाल रचावयाची. मात्र ही दुसरी चाल एकटी गायिली तरी गाण्यासारखी झाली पाहिजे. दोन आवाजांत तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या व आठव्या स्वराचे अंतर चालते, चौथ्याचे चालत नाही. इथे आपला माणूस दचकतो. भरताने नऊ वा तेरा श्रुतींच्या अंतरावरील स्वरांना परस्परांचे संवादी म्हटले आहे. षड्ज-मध्यम ही जोडी आपल्याकडे संवादाचा आदर्श आहे. तीच जोडी फुक्सच्या शिष्याने दोन आवाजांत लिहिली, तर गुरुजी ती विसंवादी म्हणून खोडतात. कारण असे, की भरताचा संवाद मुख्यतः एका चालीतील स्वरांच्या नात्याचा आहे, तर फुक्सचा दोन चालींच्या एकाच क्षणी होणाऱ्या भेटीचा.

पुढील पाठांत एका स्वरासमोर दोन, मग चार स्वर येतात. चौथ्या पाठात एक स्वर पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवतात. खालची चाल सरकल्यामुळे तो विसंवादी होतो, आणि मग एक पायरी उतरून त्याला शांत व्हावे लागते. पण सगळ्यांत लक्षात ठेवण्याजोगा नियम पहिल्याच पाठात आलेला असतो. दोन आवाज पंचमाचे किंवा सप्तकाचे अंतर राखून बरोबरीने चालवावयाचे नाहीत. हा निषेध कानाला वाईट लागते म्हणून नव्हे. सा-प तर इतके एकजीव होतात की आपला तानपुराच त्यावर उभा आहे. निषेध आहे तो नेमका ह्याच एकजीवपणामुळे. असे दोन आवाज बरोबर सरकू लागले की कानाला ते एकच वाटतात, आणि दुसऱ्या आवाजाला स्वतःचे असे काही उरत नाही. तेव्हा ह्या विद्येत पुष्कळ आवाज असणे हे काहीच नव्हे. हजार वारकरी एका सुरात अभंग म्हणतात, तेथे आवाज हजार व चाल एक. प्रत्येक आवाजाला स्वतःची वाट असावी, आणि त्या वाटेवरच्या प्रत्येक पावलाचा जाब दुसऱ्या आवाजापुढे द्यावा लागावा, हे तिचे मर्म आहे. आपल्या ‘बहुस्वरी’ म्हटलेल्या कितीतरी कादंबऱ्यांतील पात्रे लेखकाशी पंचमाचे अंतर राखून बरोबरीने चालत असतात, असे म्हटल्यास अन्याय होईल असे वाटत नाही.

ही विद्या आपल्यापासून दूर होती, हा मात्र गैरसमज आहे. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवे घेतले, आणि त्याच शतकात चर्चच्या आश्रयाने गावोगावच्या शाळांत मुलांना गायन शिकविण्यास आरंभ झाला. ‘मेस्त’ म्हणजे गावचा संगीतशिक्षक. तो मुलाच्या हाती व्हायोलिन देण्यापूर्वी त्याच्याकडून स्वरलिपी वाचवून घेई. हाताने ठोका धरून दो-रे-मी म्हणता आल्याखेरीज वाद्य मिळत नसे. मग मुलगा चर्चच्या गायकवृंदात उभा राही व आपल्या आवाजाचा भाग सांभाळी. शेजारचा निराळे गात असताना आपली चाल न सोडणे हा पाठ तो पुस्तक उघडण्यापूर्वीच शिकलेला असे. उपवासकाळातील लॅटिन मोतेत एकाहून अधिक आवाजांत गाण्याची परंपरा गोव्यात आजही आहे. एकोणिसाव्या शतकात फुललेल्या मांड्यात दुसरा आवाज बहुधा पहिल्याबरोबर तिसऱ्या वा सहाव्या स्वराचे अंतर ठेवून चालतो. फुक्सच्या कसोटीने ही प्रतिचाल नव्हे, तिची धाकटी बहीण म्हणता येईल. पुढे 1952 मध्ये आंतोनियु द फिगरेदु ह्यांनी पणजीस संगीत अकादमी काढली, आणि गावच्या मेस्ताकडे होते ते शिक्षण शहरातील संस्थेत आले.

राचोल हे नाव मराठी अभ्यासकास फादर स्टीफन्समुळे ठाऊक असते. ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये तेथे छापले गेले. ज्या धर्मसंस्थेने हे ओवीबद्ध मराठी पुराण छापले, तिच्याच उपासनेत अनेक आवाजांचे लॅटिन गायन चाले. ओवी मात्र एका आवाजाची राहिली. दुसरे उदाहरण ह्याहून बोलके आहे. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई ह्यांनी हिंदुस्थानी गायकीचा कळस गाठला तो ह्याच गोमंतकातून येऊन. देवळाच्या अंगणातील विद्या आणि चर्चच्या माडीवरील विद्या ह्यांत काही कोसांचे अंतर होते. ते चार शतकांत फारसे कोणी ओलांडले नाही. धर्म आड आला हे खरे, पण भाषाही आली. चर्चमधील विद्येची परिभाषा पोर्तुगीज व लॅटिन होती, आणि मराठीने तिच्यासाठी एक शब्दही घडविला नाही. पेटीला आपण ‘संवादिनी’ हे सुंदर नाव दिले. एकाच वेळी अनेक स्वर वाजविण्यासाठी घडलेल्या ह्या वाद्यावर गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनी एकेरी चालीचे अप्रतिम काम केले. पण ज्या अर्थाने ती संवादिनी होऊ शकली असती तो अर्थ नावातच राहिला.

गोव्याची विद्या बाहेर पडली ती पोटासाठी. ती संस्थानिकांच्या बँडांत, कलकत्त्याच्या वाद्यवृंदांत आणि मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेली. अल्लाउद्दीन खाँ व्हायोलिन शिकले ते कलकत्त्यात लोबो नावाच्या गोवेकर बँडमास्तराकडे. पुढे मैहरला त्यांनी अनाथ मुलांचा वाद्यवृंद उभारला, तेव्हा त्यात व्हायोलिन-चेलो होते, बंदुकीच्या नळ्यांचे नलतरंगही होते. चाल मात्र रागाची, एकेरी. मुंबईत सेबॅस्टियन डिसोझा आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांनी चित्रपटगीतांना दुसरी चाल दिली. संगीतकार चाल गुणगुणे. गोवेकर ती कागदावर उतरवून तिच्याखाली व्हायोलिनांची वेगळी वाट आखी. गोन्साल्विसांनी 1958 मध्ये ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा करून रागांवर बेतलेल्या रचना मुंबईत सादर केल्या, आणि त्यांत लता मंगेशकर व मन्ना डे गायिले. आपण ही गाणी पिढ्यान्‌पिढ्या ऐकली, आणि गायकाच्या आवाजाखालून जाणारी ती दुसरी चाल ‘म्युझिक’ ह्या एका शब्दात गुंडाळून टाकली. श्रेयनामावलीतही ह्या मंडळींच्या वाट्याला बहुधा ‘साहाय्यक’ हेच पद आले.

चार आवाजांची मांडणी हा ह्या शिक्षणाचा पुढचा टप्पा. स्त्रियांचा उंच व खालचा, पुरुषांचा उंच व खालचा असे चार आवाज. शिष्याच्या डोळ्यांपुढे नमुना असतो तो बाखच्या चर्चगीतांचा. दोन स्वरमेळांत जो स्वर समान असेल तो त्याच आवाजात राहू द्यावा, बाकीच्यांनी जवळच्या जवळ सरकावे, आणि शेवटाकडे निषादाने षड्जावर जावे. नवशिक्याची चूक ठरलेली असते. वरचा आवाज तो मन लावून लिहितो, कारण ती चाल आहे; तळचा लिहितो, कारण तो आधार आहे; मधल्या दोघांत मात्र उरलेसुरले स्वर भरतो. गुरू नेमके ते दोन आवाज त्याच्याकडून एकेकटे गाऊन घेतो.

मी राहतो ते गढे आज जबलपुराचा एक भाग आहे; एके काळी ते गोंड राजांची राजधानी होते. लग्नसराईत मदनमहालाच्या बाजूने वराती येतात. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम सारे एकच चाल वाजवीत असतात. युफोनियमची घडण खालच्या आवाजासाठी झाली, हे वाजविणाऱ्यास कोणी सांगितलेले नसते. छावणीकडे पलटणीचा बँड वाजला तर त्याच वाद्यांतून चार वाटा ऐकू येतात. 1950 मध्ये पचमढीस सुरू झालेल्या लष्करी संगीतशाळेत जवानांना पाश्चात्त्य स्वरलिपी व स्वरमेळ शिकवितात. म्हणजे आमच्या प्रांतात ही विद्या सातपुड्यात शिकता येते, फक्त त्यासाठी सैन्यात जावे लागते.

शब्दाचा प्रश्न उरतो. ‘स्वरमेळ’ हार्मनीसाठी पुरेसा आहे. काउंटरपॉइंटसाठी मी ‘प्रतिचाल’ लिहून पाहिले. मराठीत चाल म्हणजे गाण्याची धाटणी, आणि चाल म्हणजे चालणेही. ‘बिंदू’ ह्या मूळ शब्दात नसलेली गती तिच्यात आपोआप येते. ‘बहुस्वरता’ हस्तलिखितात दोन ठिकाणी खोडली, एका ठिकाणी राहू दिली, कारण तेथे मूळ लेखकालाही गर्दीच अभिप्रेत होती. चौथ्या पाठातील त्या धरून ठेवलेल्या, विसंवादी होऊन मग एक पायरी उतरणाऱ्या स्वराला मात्र अजून शब्द मिळालेला नाही. ‘लांबविलेला’ म्हटले तर त्यातील अवघडलेपण जाते. ‘अडलेला’ म्हटले तर त्याचे उतरणे जाते. तूर्त तेथे जागा मोकळी सोडली आहे.