नैराश्याचं जनुक ‘सापडलं’ होतं, त्याची गोष्ट

दहावी-अकरावीतल्या मुलाला घेऊन पालक येतात. मूल गप्प, झोपेचं खोबरं झालेलं, मित्र तुटलेले. मी नैराश्याचं निदान सांगतो. मग मुलाला बाहेर बसवून आई किंवा वडील आवाज खाली आणून विचारतात, “डॉक्टर, हे आमच्याकडून आलंय का?” कधी मामाचा विषय निघतो, कधी आजीचा. कधी माझ्यासमोरच ‘तुमच्या घराण्यात’ सुरू होतं. तुमच्याही मनात हा प्रश्न असेल, तर त्याच्या उत्तराचा इतिहास सांगतो. या प्रश्नावर शास्त्रज्ञही एकदा चांगलेच फसले होते.

मुलांना नैराश्य येतं हेच मुळात उशिरा मान्य झालं. त्यासाठी लागणारी मनाची घडण मुलांमध्ये तयारच झालेली नसते, असं १९६०च्या दशकातही अनेक मनोविश्लेषक मानत असत. १९८०मध्ये अमेरिकन निदानपुस्तिकेने मोठ्यांचेच निकष मुलांना लावायला परवानगी दिली, आणि मग मोजदाद सुरू झाली.

मोजण्याचं पहिलं साधन होतं जुळी भावंडं. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ तीच असतात. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत सरासरी निम्मा फरक जुळतो. एकसारख्या जुळ्यांत आजाराचं साम्य जास्त दिसलं, तर तिथे अनुवंशिकतेचा हात आहे असं समजायचं. अनिता थापर आणि पीटर मॅकगफिन यांनी १९९४मध्ये ८ ते १६ वयाच्या जुळ्यांत हे तपासलं. लहान मुलांच्या उदासपणात घरच्या वातावरणाचा वाटा मोठा दिसला, किशोरवयात मात्र अनुवंशिकतेचा. पुढे २०००मध्ये पॅट्रिक सुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी मोठ्यांवरचे असे अभ्यास एकत्र केले आणि आकडा आला ३७ टक्के.

इथे जरा थांबा, कारण हा आकडा हमखास चुकीचा वाचला जातो. तुमच्या मुलीचं ३७ टक्के नैराश्य रक्तातून आणि बाकीचं शाळेतून, असा त्याचा अर्थ नाही. समाजात काहींना नैराश्य येतं, काहींना येत नाही. या फरकाचा किती भाग जनुकांतल्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. एकट्या मुलाबद्दल तो काहीच बोलत नाही.

पण आकडा मिळाल्यावर सगळे ‘त्या’ जनुकाच्या मागे लागले. संशयित आधीच ठरलेला होता. मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि एक प्रथिन ते परत आत घेतं. फ्लुऑक्सेटीनसारखी औषधं याच प्रथिनावर काम करतात. त्याच्या जनुकाचा एक तुकडा काहींमध्ये आखूड असतो, काहींमध्ये लांब. १९९६मध्ये आखूड तुकड्याचा संबंध चिंताळू स्वभावाशी जोडला गेला. मग २००३ साली ‘सायन्स’मध्ये अवशलोम कॅस्पी, टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३मध्ये जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा चालू होता. त्यांतल्या ८४७ जणांची माहिती तपासली. निष्कर्ष असा, की आयुष्यात आघात फारसे नसतील तर आखूड तुकडा काही करत नाही, पण एकामागून एक आघात झाले तर तो असलेल्यांना नैराश्य अधिक येतं.

किती पटण्यासारखी गोष्ट! जनुक आणि परिस्थिती, दोघांनाही न्याय. आम्हीही तो आलेख मोठ्या विश्वासाने इतरांना दाखवत होतो. त्यावर शेकडो निबंध निघाले, किशोरवयीनांवरही.

२००९मध्ये नील रिश आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यासांतल्या १४,२५० लोकांची माहिती एकत्र केली. आघातांचा परिणाम ठळक दिसला, जनुकाचा दिसलाच नाही. वाद तरीही दहा वर्षं चालला. २०१९मध्ये रिचर्ड बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी अशी १८ गाजलेली जनुकं लाखो लोकांमध्ये तपासली. डोळे मिटून निवडलेल्या इतर जनुकांपेक्षा ती सरस निघाली नाहीत.

चूक कुठे झाली? एकेका जनुकीय फरकाचा परिणाम इतका बारीक असतो, की काहीशे लोकांत तो दिसणंच शक्य नाही. दिसला तो बराचसा योगायोग होता, आणि ‘सापडलं’ म्हणणारे निबंध ‘नाही सापडलं’ म्हणणाऱ्यांपेक्षा सहज छापले जातात.

संशयित न ठरवता सगळा जनुकसंच चाळायला सुरुवात झाली, तेव्हा २०१३मध्ये नऊ हजारांवर रुग्ण तपासूनही हाती काहीच लागलं नाही. लाखांच्या घरात गेल्यावर २०१८मध्ये ४४ जागा सापडल्या, २०१९मध्ये १०२, आणि २०२५मध्ये सुमारे ७००. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. यांतल्या कितीतरी तुमच्याकडे आहेत, माझ्याकडेही आहेत. त्यामुळे लाळेच्या नमुन्यावरून ‘तुमच्या मुलाला नैराश्य येणार का’ सांगणाऱ्या चाचणीवर पैसे घालवू नका.

दरम्यान मर्ना वाइसमन अमेरिकेत १९८२पासून नैराश्य असलेल्या पालकांची मुलं पाहत होत्या. या मुलांना धोका साधारण तिप्पट होता, आणि सुरुवात बहुधा १५ ते २० या वयात. म्हणजे ‘आमच्याकडून आलंय का’ ही शंका निराधार नाही. पण ‘आमच्याकडून’ म्हणजे फक्त रक्तातून नव्हे. २००८च्या एका अमेरिकन अभ्यासात, आईला नैराश्य असेल तर दत्तक घेतलेल्या किशोरवयीन मुलांनाही ते जास्त दिसलं. त्यांचं तर रक्ताचं नातंच नव्हतं.

आणि २००६मधला वाइसमन यांचाच एक अभ्यास मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. नैराश्यावर उपचार घेणाऱ्या १५१ आया आणि त्यांची ७ ते १७ वयाची मुलं. तीन महिन्यांत ज्या आया पूर्ण बऱ्या झाल्या, त्यांच्या आधीपासून आजारी असलेल्या मुलांपैकी ३३ टक्के बरी झाली. ज्या आया बऱ्या झाल्या नाहीत, त्यांच्या मुलांत हे प्रमाण १२ टक्के. औषध आईला दिलं होतं.

म्हणून “आमच्याकडून आलंय का?” असं कुणी विचारलं, की मी उलट विचारतो, “तुमची स्वतःची झोप कशी आहे?” बऱ्याचदा त्यावर लगेच उत्तर येत नाही. मग मी दुसरा केसपेपर काढतो.