ब्रह्मगिरीच्या पायऱ्या आणि बन्यनचा यात्रिक

जॉन बन्यन हा इंग्लंडातील बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावचा, फुटकी भांडी सांधून पोट भरणारा माणूस. परवान्याविना प्रवचने केली म्हणून १६६० ते १६७२ अशी बारा वर्षे त्याने तुरुंगात काढली. 'द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' या त्याच्या ग्रंथाचा पहिला भाग १६७८ साली निघाला. कादंबरी हा प्रकार तेव्हा इंग्रजीत पुरता आकाराला आला नव्हता. तरी पुढच्या कादंबरीकारांवर या ग्रंथाचे मोठे ऋण आहे. त्यातल्या एका बाजाराच्या नावावरूनच थॅकरेने आपल्या कादंबरीला 'व्हॅनिटी फेअर' हे नाव दिले, आणि ती कादंबरी १८९९ साली 'बेकी शार्प' या नावाने न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आली.

मराठीत बन्यनचा ग्रंथ हरि केशवजी यांनी १८४१ साली 'यात्रिकक्रमण' या नावाने आणला. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'ला तेव्हा सोळा वर्षांचा अवकाश होता. मराठी कादंबरीचा जन्म होण्यापूर्वीच तिच्या अंगणात एक यात्रेकरू येऊन उभा राहिला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

या परक्या यात्रेकरूला येथे वाट कशी सापडली? नाशिकहून अठ्ठावीस किलोमीटरवरील त्र्यंबकेश्वरी त्याचे उत्तर मिळते. बन्यनचा नायक पाठीवरचे पापाचे ओझे उतरल्यानंतर 'अवघड' नावाच्या टेकडीपाशी येतो. प्रथम धावतो, मग चालतो, शेवटी हातापायांवर रांगत चढतो. वर वाटेत दोन सिंह दिसताच त्याची छाती दडपते. ते साखळदंडाने बांधलेले आहेत हे त्याला ठाऊक नसते. आता आपल्याकडील परंपरा पाहा. विठ्ठलपंतांचे कुटुंब ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ समोर आला, सर्वांची पांगापांग झाली, आणि वाट चुकलेला निवृत्ती ज्या गुहेत शिरला तेथेच त्याला गहिनीनाथ भेटले. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या समाधीला येणाऱ्या दिंड्यांतील माणसाला डोंगर, श्वापद, भय आणि त्यापलीकडील कृपा यांचा अर्थ कोणी नव्याने शिकवावा लागत नाही. बन्यनच्या ओझ्याची गाठ क्रुसापाशी सुटते, हा भेद मूलभूत आहे आणि तो पुसू नये; परंतु वाट चालण्याची भाषा दोघांची एक आहे.

आपल्या वाचकांपासून एक गोष्ट लपवणे बरे नाही. बन्यनने आपल्या पोपमहाशयांना गुहेच्या तोंडाशी बसलेला, नखे चावणारा म्हातारा राक्षस करून टाकले आहे! कॅथॉलिक घरात हे पान वाचताना कपाळाला आठी पडणारच. मी मात्र ते पान उलटून पुढे जातो, कारण पुढे रमणीय पर्वत आहेत.

या पर्वतांविषयी एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. बन्यन डोंगराला नाव देतो, अर्थ देतो; त्यावरचे गवत तो क्वचितच दाखवितो. ते गवत उगवले पुढे, संगीतात आणि रंगमंचावर. राल्फ वॉन विल्यम्स या संगीतकाराने १९०६ साली रायगेट येथील नाट्यप्रयोगासाठी संगीत रचले, १९२२ साली रमणीय पर्वतांवरील मेंढपाळांची एकांकी संगीतिका केली, आणि २६ एप्रिल १९५१ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये त्याची संपूर्ण संगीतिका रंगमंचावर आली. पंचेचाळीस वर्षे एका पुस्तकाची साथ! तो स्वतः श्रद्धेविषयी साशंक होता. नायकाचे 'ख्रिश्चन' हे नाव बदलून त्याने नुसते 'यात्रिक' केले, कोणालाही त्या वाटेने चालता यावे म्हणून. त्याच्या संगीतिकेत तो राक्षस नाही. मात्र पर्वतांवर एका पक्ष्याचा आवाज तेविसावे स्तोत्र गातो, आणि रानाच्या कडेला लाकूडतोड्याचा पोरगा बन्यनचेच नम्रतेचे गीत म्हणतो. मूळ ग्रंथात ते एका मेंढपाळ मुलाच्या तोंडी आहे. बन्यनने लिहिलेल्या निसर्गातील हा सर्वांत हिरवा तुकडा होय. कॉव्हेंट गार्डनच्या टीकाकारांना एकंदर प्रयोग नाट्यहीन वाटला. १९५४ साली केंब्रिज विद्यापीठातील प्रयोगाने तो आक्षेप बराचसा दूर केला.

मराठी ख्रिस्ती कवितेतील गवत वेगळ्या मातीतले. नाशिकात शिकलेले आणि जवळच्याच जलालपूरच्या लक्ष्मीबाईंशी विवाह झालेले रेव्ह. ना. वा. टिळक यांचे 'वनवासी फूल' ही बन्यनची संतती नव्हे; तेथे इंग्रजी निसर्गकवींचा वाटा अधिक. (त्यांच्या घरी काही काळ राहिलेल्या बालकवींचे पाळण्यातले नाव त्र्यंबक होते, हे येथे सहज आठवते.) बन्यनचा यात्रिक डोंगर ओलांडून जातो, टिळक फुलापाशी थांबतात. ख्रिस्तकथा सांगण्यासाठी मात्र टिळकांनी वाटसरूंचाच मंच निवडला, तो कीर्तनाचा. त्यांच्याही आधी अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा सुरू केली होती. या मंचाला रंगविलेला पडदा लागत नाही. डोंगर श्रोत्यांनी घरून पाहूनच आणलेला असतो.