मॉरिशसला व्हिसा लागत नाही, पण कागद लागतात! शिरूर-दौंडकरांनी निघण्याआधी हे वाचा

शिरूर/दौंड : लग्नसराई उरकली, उसाचं बिल खात्यावर आलं, की घराघरात परदेश सहलीचा विषय निघतो. दुबई, थायलंडच्या बरोबरीने आता मॉरिशसचं नाव घेतलं जातं. भारतीय पासपोर्टवर मॉरिशसला पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही, हे खरं आहे. मात्र ‘व्हिसा नाही’ म्हणजे ‘पासपोर्ट दाखवा आणि आत चला’ असं नव्हे. आत सोडायचं की नाही, हे तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि तो कागद बघूनच ठरवतो.

मॉरिशस हे हिंदी महासागरातलं बेट. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे दोन हजार किलोमीटर आत समुद्रात. आकार सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याचे सात-आठ तुकडे केले तर त्यातला एक. मुंबईहून थेट विमानाने सहा-साडेसहा तास लागतात. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे.

पासपोर्ट हा पहिला मुद्दा. नवीन काढायचा तर ३६ पानी पुस्तिकेची साधी फी १,५०० रुपये, तत्काळला ३,५००. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि मिळालेल्या तारखेला सेवा केंद्रात जायचं. पुण्यात ते मुंढव्याला आहे. पोलीस पडताळणी आपल्या गावच्या हद्दीतल्या ठाण्यातून होते. शिरूर तालुक्यात शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव. दौंडमध्ये दौंड किंवा यवत. गावाकडे अडतं ते नावावर. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, लग्नानंतर बाईचं तिसरं. हे आधी एकसारखं करून घ्यावं, नंतर खेटे घालण्यात अर्थ नाही. जुना पासपोर्ट असेल तर प्रवासाच्या तारखेनंतर सहा महिने तरी मुदत शिल्लक असलेली बरी, नाहीतर विमान कंपनीच्या काउंटरवरच वाद होतो.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतं. त्याला घाबरायचं कारण नाही. ती तपासणी ठराविक १८ देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. मॉरिशस त्या यादीत नाही, आणि सहलीला तर तिचा संबंधच येत नाही.

आता मॉरिशसमध्ये उतरल्यावर काय विचारतात ते. परतीचं पक्कं तिकीट. मुक्कामाचा पुरावा, म्हणजे हॉटेलचं बुकिंग, किंवा ओळखीच्यांकडे उतरणार असाल तर त्यांचा पत्ता आणि पत्र. खर्चाला पुरेसे पैसे. माणशी दिवसाला साधारण १०० अमेरिकी डॉलर हा तिथला हिशेब आहे. एवढी रोकड खिशात बाळगायला कोणी सांगत नाही. थोडं परकीय चलन, कार्ड आणि बँकेचं स्टेटमेंट जवळ असावं. टूरवाल्याने सगळं बुकिंग केलेलं असलं तरी त्याची छापील प्रत स्वतःच्या हातात घ्या. ‘सगळं मोबाईलमध्ये आहे’ म्हणणाऱ्याचा मोबाईल नेमका तिथेच बंद पडतो.

याशिवाय मॉरिशस सरकारचा एक डिजिटल फॉर्म निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी ऑनलाइन भरावा लागतो. त्यात प्रवास, मुक्काम, तब्येत अशी माहिती असते. भरल्यावर क्यूआर कोड येतो, तो जपून ठेवायचा. हा फॉर्म फुकट आहे. पैसे मागणारी साईट समोर आली तर ती सरकारी नाही असं समजून बंद करा. सरकारी पत्त्यात ‘गव्हएमयू डॉट ऑर्ग’ असतं.

किती दिवस राहता येईल, हे पासपोर्टवरच्या शिक्क्यात लिहिलेलं असतं. आठ-दहा दिवसांच्या सहलीला अडचण येत नाही, पण शिक्का मारल्यावर तारीख तिथेच वाचून घ्या.

शेतकऱ्यांनी एक गोष्ट खास लक्षात ठेवायची. मॉरिशस हा उसाचाच देश. पाटसच्या नाहीतर न्हावऱ्याच्या कारखान्याचा सभासद तिथला ऊस बघायला जाणार, आणि जाताना आपल्याकडचं एखादं कांडं दाखवायला नेणार, हे होऊ शकतं. तसं अजिबात करू नका. उसाचं कांडं, त्याचा तुकडा, माती तिथे नेायला बंदी आहे. बी-बियाणं, रोपं, फळं यांनाही आधी परवाना लागतो. कांद्याचं बी, पिशवीतली डाळिंबं घरीच ठेवा. येतानाही तिथलं बेणं लपवून आणायच्या भानगडीत पडू नये, आपल्याकडेही त्याला नियम आहेत. गांजासारख्या पदार्थाला तिथे कडक शिक्षा आहे. सिगारेट वळायचा कागदसुद्धा चालत नाही. रोजच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत सोबत घ्या, झोपेच्या गोळ्या असतील तर नक्कीच.

पैशाचं म्हणाल तर भारतातून जाताना भारतीय नोटा २५ हजारांपर्यंतच नेता येतात. तिथेही चलन रुपयाच आहे, पण मॉरिशसचा रुपया आपल्या रुपयापेक्षा महाग. किंमत वाचून स्वस्त वाटलं तर आधी हिशेब करा. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय सुरू झालं आहे. सगळ्या दुकानांत चालेल या भरवशावर मात्र राहू नका. ऑक्टोबर २०२५ पासून बारा वर्षांवरील परदेशी पाहुण्याला रात्रीला तीन युरो पर्यटन कर लागतो. पॅकेजमध्ये तो धरलाय का, हे आधीच विचारा.

आता फसवणुकीचं. ‘मॉरिशसचा व्हिसा काढून देतो, माणशी इतके’ असं कोणी सांगत असेल तर सरळ विचारा, जो व्हिसा लागतच नाही त्याचे पैसे कसले? दुसरा प्रकार याहून वाईट. ‘व्हिसा लागत नाही, तिकडे जा, हॉटेलात काम मिळेल’ असं सांगून पोरांकडून लाखभर उकळायचे. पर्यटक म्हणून उतरून काम करणं बेकायदा आहे. नोकरीसाठी मालकाने आधी तिथल्या सरकारचा परवाना काढावा लागतो. तो हातात नसताना गेलेल्या पोराला पगार बुडाला तरी तक्रार करता येत नाही, आणि सापडला तर परत पाठवणी ठरलेली. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाचा नोंदणी क्रमांक हवा. तो ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. अशा एजंटाला ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घ्यायला परवानगी नाही. पावती मागा. पावती म्हटल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

मराठी माणसाला हा देश तसा परका नाही. १८३४ नंतर करारावर उसाच्या मळ्यांत राबायला जे भारतीय नेले, त्यांत मुंबईच्या बंदरातून गेलेली मराठी कुटुंबंही होती. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर हे मजूर उतरले, तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. एप्रिल २०२३ मध्ये मोका इथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा देवेंद्र फडणवीस गेले होते. घरात क्रिओल बोलणारी पण आडनावाने मराठी असलेली माणसं आजही भेटतात. सहलीत समुद्रकिनारे सगळेच दाखवतात. आप्रवासी घाट मात्र टूरवाल्याला आधी सांगून यादीत घालून घ्यावा लागतो.